लकव्याचा छोटा झटका : बरे वाटले तरी दवाखाना गाठा

मुळशी खोऱ्यात भातलावणीची धांदल चालू आहे. बांधावर चहा घेत बसलेल्या सत्तरीच्या आजोबांच्या हातातून एकाएकी कप निसटतो. काय झाले म्हणून विचारावे, तर बोलणे बोबडे, तोंड एका बाजूला ओढल्यासारखे. दहा मिनिटांत सारे पूर्ववत. "पोट रिकामं होतं, चक्कर आली," असे म्हणून आजोबा उठतात आणि लावणी पुढे चालू होते.

असे कोणाच्याही घरी घडू शकते, आणि चूक होते ती इथेच. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत गुठळी अडकते आणि थोड्या वेळाने सुटते. डॉक्टर याला टी. आय. ए. म्हणतात, आपण लकव्याचा छोटा झटका म्हणू. गुठळी सुटली तरी ती जिथून आली ते कारण शरीरात तसेच राहते. वाढलेला रक्तदाब, मधुमेह, हृदयाचे अनियमित ठोके, मानेतील अरुंद झालेली रक्तवाहिनी, तंबाखू-विडी यांपैकी काहीतरी. म्हणूनच मोठ्या लकव्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सर्वांत अधिक असतो.

लक्षणांची खूण म्हणजे ती अचानक येतात. एका बाजूचा हात-पाय लुळा किंवा बधिर पडणे, शब्द न सुचणे, एका डोळ्यापुढे पडदा आल्यासारखे होणे, तोल जाणे. शंका आली तर हसायला सांगा, दोन्ही हात समोर उचलून धरायला लावा, एक साधे वाक्य म्हणवून घ्या. यांतली एक गोष्ट जरी नीट जमली नाही, तरी १०८ क्रमांकावर फोन करा. कोणी असले काही स्वतःहून सांगत नसेल, तर मुद्दाम विचारावे लागते.

तेल चोळत बसू नका. तोंडात पाणी, गूळ काही घालू नका, ठसका लागून ते श्वासनलिकेत जाऊ शकते. ॲस्पिरिनची गोळीही मनाने देऊ नका. झटका गुठळीचा की रक्तस्रावाचा, हे सी. टी. स्कॅनशिवाय कळत नाही. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देता येते. ताम्हिणीकडच्या वाडीतून पौड आणि पुढे पुणे गाठायचे, तर त्यातला बराच वेळ रस्त्यातच जातो.

लक्षणे ओसरली असली तरी त्याच दिवशी निघा. त्रास किती वाजता सुरू झाला ते कागदावर लिहून घ्या आणि चालू गोळ्यांची पाकिटे बरोबर न्या.