जागल्या फसतो कसा?

आपल्या रक्तात पांढऱ्या पेशी असतात. त्या जागल्यासारखी राखण करतात. रोगट पेशी दिसली, की तिला मारतात. मग कॅन्सरची गाठ वाढते कशी?

या पांढऱ्या पेशींच्या अंगावर पीडी-१ नावाचे प्रथिन असते. ते १९९२ साली जपानात होंजो यांच्या प्रयोगशाळेत सापडले. गाठीतल्या काही पेशी भारी लबाड! त्या पीडी-एल-१ नावाचे दुसरे प्रथिन पुढे करतात. दोन्ही जुळली, की जागल्या काठी खाली ठेवतो.

ही जोडी तोडणारी औषधं आता निघाली आहेत. पण ती फार महाग, आणि सगळ्यांना लागूही पडत नाहीत. म्हणून डॉक्टर गाठीचा तुकडा काढून त्यात हे प्रथिन किती आहे ते बघतात. तुकडा काढला की रोग पसरतो, ही भीती धरू नका. तो तपासल्यावाचून औषध ठरत नाही.