डाळिंबाचा रस

उर्दूत ज्याला अनार म्हणतात, त्या फळाला मराठीत डाळिंब म्हणतात. सोलापूर जिल्हा डाळिंबासाठी प्रसिद्ध आहे. येथे पाऊस कमी पडतो. पण या झाडाला कोरडी हवा मानवते. २००५ साली सोलापुरात राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र स्थापन झाले. २०१६ साली सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन मिळाले.

डाळिंबाचा रस घरी काढता येतो. प्रथम हात, फळ आणि मिक्सरचे भांडे स्वच्छ धुवावे. डाळिंब सोलून दाणे काढावेत. दाण्यांवरील पांढरा पापुद्रा कडू असतो. तो काढून टाकावा. दाणे भांड्यात घालून झाकण घट्ट लावावे. मिक्सर दोन-तीन वेळा थोडा थोडाच फिरवावा. जास्त फिरवला, तर बिया बारीक होतात व रस तुरट लागतो. नंतर रस गाळून लगेच प्यावा. गाजराचा रस काढताना मात्र बारीक तुकडे करून थोडे पाणी घालावे.

रसात वरून साखर घालू नये. डाळिंबात मुळातच साखर असते. एका पेल्याला दोन-तीन डाळिंबे लागतात. त्यांची साखर रसात उतरते. उपयोगी चोथा मात्र गाळणीत राहतो. म्हणून मधुमेह असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच रस प्यावा. मुलांनो, इफ्तारच्या वेळी सर्वांसाठी रस कराल, तेव्हा घरातील आजारी वडीलधाऱ्यांची आठवण ठेवा. त्यांना चालत असेल, तर थोडे दाणेच वाटीत द्या.

शब्दार्थ : मानवणे – अनुकूल असणे. पापुद्रा – पातळ साल. चोथा – रस काढल्यावर उरणारा भाग.