परमुलखातील चूल

चाकणजवळच्या एका शाळेत मधल्या सुटीची घंटा झाली आणि मुलांनी आपापले डबे उघडले. पोळी-भाजी, भाकरी-ठेचा, कांदेपोहे अशा ओळखीच्या वासांत एक अनोळखी वास मिसळला. तो मोहरीच्या तेलाचा होता. बिहारमधून नुकत्याच आलेल्या एका मुलाच्या डब्यात कणकेचे भाजलेले, काळसर डाग पडलेले दोन गोळे होते व शेजारी वांग्याचे भरीत होते. एकदोघांनी नाक मुरडले. एकाने तर आपला डबा उचलून दूर नेला. त्या मुलाचा चेहरा उतरला. तो झाकण लावू लागला, इतक्यात वऱ्हाडातून आलेली एक मुलगी पुढे झाली आणि म्हणाली, "अरे, हे तर आमचे रोडगे!"

"रोडगे नाही, लिट्टी," तो हळूच म्हणाला.

"तुझ्या आईने केली?"

"आई गावाकडे आहे. बाबा कारखान्यातून येताना गाडीवरून आणतात."

"मग ती गाडी कोठे आहे, ते सांग. माझ्या बाबांनी कित्येक महिन्यांत रोडगे खाल्लेले नाहीत."

गाडी कोठे उभी असते, हे सांगणे सोपे होते. पण ती तेथे का उभी असते, हे समजण्यासाठी पाऊणशे वर्षे मागे जावे लागेल.

पवना आणि इंद्रायणी या नद्यांच्या खोऱ्यांतील हा प्रदेश तेव्हा शेतीचा होता. चिंचवड प्रसिद्ध होते ते मोरया गोसावींच्या समाधीमुळे. चाकणचे नाव इतिहासात गाजले ते तेथील भुईकोट किल्ल्यामुळे. १६६० साली फिरंगोजी नरसाळा याने शायिस्तेखानाच्या प्रचंड सैन्यापुढे तो सुमारे दोन महिने झुंजवला. पुढे चाकणची ओळख झाली ती कांद्याच्या बाजाराने. बाहेरून आलेल्यांना जेवू घालणे मात्र या भूमीला नवे नव्हते. देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी आजही आकुर्डीस मुक्काम करते, आणि वारकऱ्यांच्या पंगती उठतात. पण वारकरी दुसऱ्या दिवशी पुढे जातात. १९४७ नंतर येथे जे लोक आले, त्यांना पुढे जाण्यास वाट नव्हती आणि मागे परतण्यास घर नव्हते.

हे लोक म्हणजे सिंधमधून आलेले निर्वासित. देशाची फाळणी झाली तेव्हा पंजाबचे दोन भाग झाले, बंगालचेही दोन भाग झाले. सिंध प्रांत मात्र सबंधच पाकिस्तानात गेला. घरदार सोडून आलेल्या पंजाब्याला निदान अर्धा पंजाब आपला म्हणता येत होता. सिंधी माणसाला स्वतःचा म्हणावा असा वीतभर प्रदेशही भारतात उरला नाही. कल्याणजवळ एक मोठी छावणी उभी राहिली, तिचेच पुढे उल्हासनगर झाले. दुसरी छावणी पिंपरीस होती. आज तेथे गजबजलेली बाजारपेठ आहे, तरी लोक तिला अजून 'पिंपरी कॅम्प' असेच म्हणतात. निर्वासितांनी आपल्याबरोबर आणले काय? भाषा आणली, आणि आईच्या हाताची चव आणली. भाषेला राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत स्थान मिळण्यास १९६७ साल उजाडावे लागले. चवीला मात्र कोणाची मंजुरी लागली नाही. चूल पेटली की ती हजर झाली.

पिंपरी कॅम्पात सकाळी फेरफटका मारणाऱ्याला 'दाल पकवान' हा शब्द कानी पडतो. मैद्याची कुरकुरीत तळलेली मोठी पुरी आणि तिच्याबरोबर हरभऱ्याची घट्ट डाळ, असा हा न्याहारीचा बेत. 'साईभाजी'त पालक, आंबटचुका व हरभऱ्याची डाळ एकत्र शिजवतात. आपल्या पातळभाजीशी तिचे नाते लगेच लक्षात येते. कांदा घालून केलेली जाडसर 'कोकी' पाहून कोणासही थालीपीठ आठवेल. परंतु सिंधी कढी मराठी मुलाला चकवते. आपल्याकडे कढी म्हटली की ताक आलेच. येथे ताकाचा थेंब नसतो. बेसन तेलात खमंग भाजून, त्यात चिंचेचा कोळ घालून, वर भेंडी, गवार, शेवग्याच्या शेंगा अशा भाज्या सोडतात आणि ती भाताबरोबर जेवतात. ज्याने ही कढी प्रथमच चाखली, त्याने "ही कसली कढी!" असे म्हणण्यापूर्वी दुसरा घास घ्यावा.

यानंतर कारखाने आले. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व तेथे पेनिसिलिन तयार होऊ लागले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले, आणि भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांच्या शिवारांत धुराडी दिसू लागली. १९७० मध्ये नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महानगरपालिका झाली. पुढे उद्योगांचा हा ओघ नाशिक रस्त्याने चाकणकडे वळला. मोटारी, त्यांचे सुटे भाग, टायर असे नाना प्रकारचे कारखाने महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी या गावांभोवती उभे राहिले.

यंत्रे चालवण्यासाठी माणसे हवीत, आणि माणसांना जेवण हवे. कारखान्याचा भोंगा सर्वांसाठी एकच, पण पोटाची भाषा ज्याची त्याची निराळी. मराठवाड्यातून, खानदेशातून, वऱ्हाडातून तरुण आले. कर्नाटक व केरळातून तंत्रज्ञ आले. उत्तर प्रदेश, बिहार, ओरिसा येथून कामगार आले. ज्या भागात एका मुलखाची पाचपन्नास माणसे खोल्या घेऊन राहू लागली, तेथे त्यांच्यापैकीच कोणीतरी एखादा गाळा भाड्याने घेऊन चूल मांडली. अशा जागेचे नाव बहुधा 'मेस' असते. पाटी असलीच तर लहानशी, बाकडी चार, आणि जेवणारे महिन्याच्या हिशेबाने पैसे देणारे. पैसे पगाराच्या दिवशी मिळतात. तोवर मालक वहीत लिहून ठेवतो. या वहीवरच कित्येक नवख्या तरुणांचा पहिला महिना निभावतो.

केरळीय मेसमध्ये जाडसर, तांबूस दाण्याचा भात मिळतो. तो पाहून शहरी मुले दचकतात. कोकणातील मूल मात्र म्हणेल, हा तर आमच्या उकड्या तांदळाचा भाऊबंद. तेथील 'पुट्टू' करताना तांदळाचे ओलसर पीठ आणि खवलेला नारळ यांचे थर एका नळकांड्यात भरून वाफवतात. पूर्वी हे नळकांडे बांबूचे असे. इडली व डोसा यांच्याविषयी काही सांगावयास नको. उडुपीकडच्या उपाहारगृहांनी ते पदार्थ आपल्या इतके अंगवळणी पाडले आहेत की, ते परके होते हेच आपण विसरून गेलो.

आता लिट्टीकडे वळू. भाजलेल्या हरभऱ्याचे पीठ म्हणजे सत्तू. त्यात लसूण, ओवा, कलौंजी, मीठ, लिंबाचा रस आणि मोहरीचे तेल कालवून ते सारण कणकेच्या गोळ्यात भरतात व गोळा गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजतात. सोबत चोखा असतो. म्हणजे भाजलेले वांगे, बटाटा व टोमॅटो कुस्करून केलेले भरीत. वऱ्हाडातील रोडगेही गोवऱ्यांवरच भाजतात आणि त्यांच्याबरोबर वांग्याचीच भाजी लागते. फरक इतकाच की रोडग्याच्या पोटात सत्तू नसतो. बिहार आणि वऱ्हाड यांच्यामध्ये शेकडो कोसांचे अंतर आहे. पण दोन्हीकडे गव्हाची शेते आहेत, गुरे आहेत, म्हणून गोवऱ्या आहेत, आणि रानात तव्यावाचून जेवण करण्याची गरज आहे. त्या मुलीला डब्यात रोडगे दिसले, ते उगीच नव्हे.

आणखी एक गंमत आहे. चोख्यातील बटाटा व टोमॅटो मूळचे भारतातले नव्हेत. ते अमेरिका खंडातून समुद्रमार्गे आले. 'बटाटा' हा शब्द पोर्तुगिजांनी दिला आणि 'पाव' हा शब्दही त्यांचाच. तेव्हा पाळी सुटल्यावर वडापाव खाणारा अस्सल मराठी कामगारसुद्धा नकळत दूरदेशीचे शब्द चघळत असतो!

या पट्ट्यात परदेशी कंपन्याही आल्या. एका जर्मन कंपनीचा मोटारींचा कारखाना २००९ साली चाकणला सुरू झाला. तळेगावचा असाच एक कारखाना घेण्याचा करार २०२३ साली एका कोरियन कंपनीने केला. जपानी कारखानेही आहेत. या देशांतून येणारे अभियंते थोडे, म्हणून त्यांच्या पद्धतीची उपाहारगृहेही मोजकी आहेत. ती महागही असतात. परंतु त्यांच्या ताटातील एक पदार्थ मुलांनी जाणून घेण्यासारखा आहे. कोरियात लांबट पानकोबीला मीठ, लसूण व लाल तिखट चोळून ती आंबवतात. हिला 'किमची' म्हणतात. हिवाळ्यापूर्वी शेजारीपाजारी एकत्र जमून ती वर्षाची बेगमी करतात, आणि पूर्वी तिचे रांजण जमिनीत पुरून ठेवीत. या सामुदायिक प्रथेला युनेस्कोने २०१३ साली मानवजातीच्या सांस्कृतिक वारशात स्थान दिले. आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर पापड-कुरडया घालण्यास साऱ्या आळीतल्या बायका जमतात, त्याचेच हे थंड देशातील रूप नव्हे काय? किमचीला लाल रंग देणारी मिरचीही अमेरिकेचीच. ती कोरियात पोचली, त्याला सुमारे चारशे वर्षे झाली. त्यापूर्वीची किमची तिखटावाचूनच होत असे.

आता, चांगली खाणावळ ओळखावी कशी? हमरस्त्यावरील एकाच पाटीवर पंजाबी, चायनीज, साऊथ इंडियन व गुजराती अशी सारी नावे दिसली, तर समजावे की येथे स्वयंपाकी एक आणि डबे चार. 'मांचुरियन'चेच पाहा. हा पदार्थ चीनमध्ये कोणी ओळखणार नाही. तो मुंबईत जन्मला असे सांगतात. तो चवदार नसतो असे नव्हे, पण त्यावरून चीनचा अंदाज बांधू नये. खरी खाणावळ पाटीपेक्षा पंगतीवरून कळते. आत कोण जेवत आहे, कोणत्या भाषेत गप्पा चालल्या आहेत, याकडे कान द्यावा. ज्या मुलखाचे नाव पाटीवर आहे, त्या मुलखाची माणसेच आत नसतील, तर पुढे चालावे. शेजारच्या वाण्याच्या दुकानात डोकावले तरी पुष्कळ कळते. मोहरीच्या तेलाचे डबे आणि सत्तूची पाकिटे दिसली की लिट्टी दूर नसते. पदार्थांची यादी आखूड असणे हेही चांगले लक्षण होय. आणि सर्वांत सोपा उपाय म्हणजे विचारणे, पण "येथे चांगले हॉटेल कोणते?" असे विचारू नये, कारण मग मोठ्या दिव्यांचे हॉटेल दाखवले जाते. "गावची आठवण आली की तुम्ही कोठे जेवता?" असे विचारावे.

स्वच्छता मात्र आपली आपण पाहावी. पाणी झाकलेले आहे काय, भांडी कोठे धुतली जातात, हे दारातूनही दिसते. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याप्रमाणे हातगाडीवाल्यालासुद्धा नोंदणी करावी लागते. तिचा चौदा अंकी क्रमांक कोठे लावला आहे, हे मुलांनी अवश्य शोधावे.

त्या मुलीने रविवारी वडिलांना घेऊन ती गाडी शोधून काढली. चाकणच्या एका चौकापासून आत वळल्यावर धूर दिसला, मग मोहरीचा वास आला. गाडीभोवती पहिल्या पाळीचे कामगार उभे होते. बिहारचा तो मुलगाही वडिलांबरोबर तेथे होता. त्याने हात केला. गाडीवाल्याने नव्या गिऱ्हाइकाकडे पाहिले आणि आपल्या मुलखातील रीतीप्रमाणे विचारले, "कौन जिला?"

"अमरावती," मुलीचे वडील म्हणाले.

गाडीवाला क्षणभर थांबला. हा जिल्हा बिहारात कोठे आहे, हे तो आठवत असावा. तेवढ्यात मुलीच्या वडिलांनी निखाऱ्यांवरची लिट्टी दोन बोटांनी उचलली, राख झटकली आणि ती मधोमध फोडून वाफ जाऊ दिली. अगदी जशी फोडावी तशी. ते पाहून गाडीवाला हसला, आणि त्याने पानात चोख्याचा आणखी एक गोळा वाढला.