सारख्याच दोन भिंगांतील निवड

ज्या भिंगाचे केंद्रांतर बदलता येत नाही, त्यास छायाचित्रकार प्राइम लेन्स म्हणतात. आंरी कार्तिये-ब्रेसाँ यांनी आपले बहुतेक काम 50 मिलिमीटरच्या अशाच भिंगाने केले. आज 50 चीच दोन भिंगे समोर येतात: एकाचे सर्वांत मोठे छिद्र 1.4, दुसऱ्याचे 1.8. आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे आणि बहुधा किंमतही मोठी.

कोलकात्याच्या न्यू टाउनमधील विश्व बांगला द्वाराचे उदाहरण घेऊ. 2019 मध्ये खुल्या झालेल्या या द्वाराच्या कमानींना वर्तुळाकार दालन टांगलेले आहे. तिन्हीसांजेला तिपाईवरून त्याचे चित्र घेताना छिद्र 8 पर्यंत लहान करतात. तेथे दोन्ही भिंगे जवळजवळ सारखीच. परंतु त्याच उजेडात चालता माणूस टिपावयाचा, तर 1.4 चे भिंग सुमारे 1.65 पट प्रकाश देते आणि 1/60 सेकंदाऐवजी 1/100 सेकंद पुरतो. उलट, 36 × 24 मिलिमीटरच्या संवेदकावर, दोन मीटर अंतरावर, जेमतेम 13 सेंटिमीटर खोली रेखीव उमटते; 1.8 वर 17. डोळ्यांवर नेम धरावा, तर कान अंधुक होतात!

संवेदक लहान असेल तर हा वाद गौण ठरतो. दीडपट गुणकामुळे 50 चे भिंग 75 सारखे पाहते. द्वार चौकटीत मावत नाही, आणि मागे सरावे तर वाहनांची वर्दळ. अशा कॅमेऱ्यासाठी आम्ही 1.8 चे 35 मिलिमीटरचे भिंग घेऊ.