शिडाच्या जहाजावरील सागरसफर : पूर्वतयारी, प्रकृती आणि किनाऱ्यावरची भटकंती

गेल्या काही वर्षांत आपल्या सभासदांचा परदेशप्रवास बराच वाढला आहे. दहा दिवसांत दहा शहरे दाखवणाऱ्या सहलींचा शीण आलेली मंडळी आता सागरसफरींकडे वळू लागली आहेत. त्यांतही काही चोखंदळ प्रवासी हजारो उतारू वाहणाऱ्या तरंगत्या हॉटेलांऐवजी लहान, शिडाच्या जहाजांची चौकशी करतात. अशा सफरीत आनंद आगळा असतो, तशा अडचणीही आगळ्या असतात. त्यांची आधी कल्पना असल्यास सफर सुखाची होते. नसल्यास तिचे पहिले तीन दिवस बिछान्यात जातात. स्वतःच्या अनुभवाला वैद्यकीय ज्ञानाची जोड देऊन येथे काही सूचना मांडत आहे.

जहाजाची ओळख

उदाहरणादाखल 'रॉयल क्लिपर' हे जहाज घेऊ. २००० साली सेवेत आलेल्या या जहाजाला पाच डोलकाठ्या आणि बेचाळीस शिडे आहेत. लांबी १३४ मीटर, शिडांचे क्षेत्रफळ सुमारे ५,२०० चौरस मीटर आणि उतारू मात्र सव्वादोनशेच्या आसपास. १९०२ साली जर्मनीत बांधलेल्या 'प्रॉयसेन' या पाच डोलकाठ्यांच्या मालवाहू जहाजाचा आदर्श त्यामागे आहे. 'प्रॉयसेन' १९१० मध्ये इंग्लिश खाडीत टक्कर होऊन निकामी झाले आणि त्यानंतर जवळजवळ नव्वद वर्षे त्या जातीचे जहाज कोणी बांधले नव्हते.

बंदर सोडताना व्हॅन्जेलिसचे संगीत लावून एकेक शीड उलगडले जाते, तो सोहळा पाहण्यासारखा असतो. हवामान अनुकूल असेल तर उतारूंना कमरेला पट्टा बांधून डोलकाठीवरील पहिल्या मचाणापर्यंत चढू देतात. नाळेपुढे आलेल्या काठीखालच्या जाळीत पडून खाली फेसाळणारे पाणी पाहता येते. जहाजाला इंजिनही असते आणि वेळापत्रक पाळण्यासाठी ते अनेकदा चालवावे लागते. केवळ वाऱ्यावर सात दिवस जाण्याची अपेक्षा ठेवणाऱ्यांनी हे आधीच समजून घ्यावे.

मोठ्या जहाजांशी तुलना करता तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, या जहाजावर लिफ्ट नाही. सर्व चढउतार जिन्यांनी. दुसरी, शिडांत वारा भरला की जहाज एका बाजूला काही अंश कलते आणि तसेच कललेले राहते. तिसरी, अनेक ठिकाणी जहाज धक्क्याला न लागता समुद्रात नांगर टाकते आणि उतारूंना लहान होडीतून किनाऱ्यावर नेतात. पुढील बहुतेक सूचना या तीन गोष्टींतूनच निघतात.

बोट लागणे

आपल्याकडे 'गाडी लागणे' आणि 'बोट लागणे' हे शब्दप्रयोग रूढ आहेत. दोन्हींचे मूळ एकच. अंतर्कर्णातील तोलेंद्रिय हालचाल सांगते, डोळे मात्र केबिनची स्थिर भिंत दाखवतात, आणि या विसंगतीतून मळमळ उद्भवते. विल्यम जेम्स यांनी १८८२ मध्येच असे नोंदवले होते की, ज्यांच्या अंतर्कर्णाचे कार्य नष्ट झाले आहे अशा मूकबधिर व्यक्तींपैकी अनेकांना भोवळ येत नाही. दोन वर्षांखालील बालकांना बोट क्वचितच लागते. त्यानंतर प्रवृत्ती वाढत जाऊन नऊ-दहा वर्षांच्या सुमारास ती सर्वाधिक असते व पुढे ओसरते.

उपाय सोपे आहेत, पण वेळेवर करावयास हवेत :

१. केबिन निवडताना जहाजाच्या मध्यभागातील आणि खालच्या मजल्यावरील घ्यावी. तेथे हेलकावे सर्वांत कमी असतात आणि बहुधा भाडेही कमी असते.

२. मळमळ सुरू होताच डेकवर यावे, मोकळ्या हवेत उभे राहून क्षितिजावर नजर ठेवावी. वाचन व मोबाइल बंद. शक्य नसेल तर डोळे मिटून आडवे व्हावे.

३. पोट रिकामे ठेवू नये आणि तुडुंबही भरू नये. कोरडी बिस्किटे, खाखरे, आल्याची वडी उपयोगी पडते.

४. औषध हालचाल सुरू होण्यापूर्वी घ्यावे. उलट्या सुरू झाल्यावर घेतलेली गोळी पोटात राहत नाही. सिनॅरिझिन, मेक्लिझिन, प्रोमेथाझिन ही नेहमीची औषधे. मात्रा वय व वजन पाहून ठरवावी. प्रोमेथाझिन दोन वर्षांखालील बालकांना देऊ नये, कारण श्वसन मंदावण्याचा धोका असतो. ऑन्डान्सेट्रॉन आपल्या हाताशी असते म्हणून ते देण्याचा मोह होतो. परंतु बोट लागू नये म्हणून त्याचा फारसा उपयोग होत नाही.

५. कानामागे लावण्याची हायोसिनची चकती प्रौढांत परिणामकारक आहे, पण काचबिंदू, प्रोस्टेटची वाढ आणि वृद्धत्व यांत जपून वापरावी; मुलांना लावू नये. चकती हाताळल्यावर हात धुवावेत. तोच हात डोळ्याला लागला तर एका डोळ्याची बाहुली विस्फारते आणि तपासणाऱ्याला मेंदूच्या विकाराची शंका येते.

बहुतेकांचे शरीर दोन-तीन दिवसांत जहाजाला सरावते. परत जमिनीवर आल्यावर एखाद-दुसरा दिवस जमीनच हलल्यासारखी वाटते. त्याने घाबरू नये.

कागदपत्रे, औषधे आणि शिदोरी

इटलीतून निघणाऱ्या सफरीसाठी शेंगेन व्हिसा लागतो आणि त्यासाठी किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. पॉलिसी घेताना जहाजावरून रुग्णाला हलवण्याचा खर्च त्यात धरला आहे का आणि जुन्या आजारांना वगळले आहे का, हे वाचून पाहावे. जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशी बंदराच्या गावी पोहोचावे. विमानाला उशीर झाला तर जहाज थांबत नाही.

नियमित औषधे दुप्पट न्यावीत आणि दोन वेगवेगळ्या हातपिशव्यांत ठेवावीत. औषधांची मूळ नावे लिहिलेले इंग्रजी पत्र सोबत असावे. इन्सुलिन सामानात टाकू नये. तेथील थंडीत ते गोठू शकते. उन्हाळ्यात इटलीचे घड्याळ आपल्यामागे साडेतीन तास असते, तेव्हा इन्सुलिनच्या वेळा निघण्यापूर्वीच कागदावर मांडून घ्याव्यात.

खाण्याच्या बाबतीत एक सूचना आवर्जून. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे व मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत. पेढे, तूप, श्रीखंडाच्या वड्या विमानतळावर टाकून द्याव्या लागतात. हापूसही प्रमाणपत्राशिवाय चालत नाही. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या भुकटीला मर्यादित सवलत आहे. मेतकूट, भडंग, चटण्या आणि खाखरे निर्धास्त न्यावेत. शाकाहाराची सूचना तिकीट काढतानाच द्यावी.

किनाऱ्यावरची भटकंती

रोमजवळच्या चिविताव्हेक्किया बंदरातून निघून आमाल्फीचा किनारा, सिसिली आणि लिपारी बेटे अशी आठवड्याची सफर उन्हाळ्यात लोकप्रिय आहे. थांबे वर्षागणिक आणि हवामानानुसार बदलतात. प्रत्येक ठिकाणी सशुल्क सहल घेणे आवश्यक नाही. कोठे घ्यावी आणि कोठे स्वतः फिरावे याचा विचार करावा.

सोरेंतोहून पॉम्पेईला स्थानिक आगगाडीने सुमारे अर्ध्या तासात जाता येते. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडले गेलेले हे नगर पाहताना सावली फार थोडी मिळते आणि रस्त्यांचे दगड उंचसखल आहेत. सकाळी लवकर जावे, टोपी व पाणी घ्यावे, टाचेचे जोडे टाळावेत. येथे जाणकार मार्गदर्शक घेण्याचे पैसे सार्थकी लागतात.

आमाल्फी गाव पायी पाहण्याजोगे आहे. एके काळी कागदनिर्मितीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावात जुन्या कागद-गिरणीत संग्रहालय आहे. मात्र डोंगरातील राव्हेल्लो गावाकडे जाणारा रस्ता नागमोडी आहे. आमच्या गटात समुद्रावर ज्यांना काही झाले नाही, अशा दोघांना या बसमध्ये उलट्या झाल्या.

ताओर्मिना समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटर उंचीवर वसले आहे. किनाऱ्यावरून केबलकारने वर जाता येते. प्राचीन नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर बसले असता पाठीमागच्या मोकळ्या भागातून एटना दिसतो. या एका दृश्यासाठी येथे थांबावे.

लिपारीच्या किल्ल्यातील पुरातत्त्व संग्रहालय मुलांना आवडते. नवाश्मयुगात या बेटावरील ज्वालामुखीजन्य काळ्या काचेच्या धारदार पात्यांचा दूरदूर व्यापार चाले. त्या काळी तोच शस्त्रक्रियेच्या सुरीइतका धारदार पदार्थ होता, असे सांगितल्यावर डॉक्टरांची मुले कुतूहलाने पाहतात.

स्ट्रॉम्बोली मात्र जहाजावरूनच पाहावा. ९२४ मीटर उंचीचा हा ज्वालामुखी दर काही मिनिटांनी ठिणग्या उडवतो, आणि रात्रीच्या अंधारात उतारावरून समुद्राकडे घरंगळणारे तांबडे निखारे स्पष्ट दिसतात. ३ जुलै २०१९ रोजी अचानक झालेल्या मोठ्या स्फोटात एका गिर्यारोहकाचा मृत्यू झाला. चढाईची मर्यादा तेथील प्रशासन वेळोवेळी ठरवते. ती ओलांडण्याचे धाडस करू नये.

ऊन, पाणी आणि दंश

समुद्रवाऱ्यामुळे ऊन लागत असल्याचे कळत नाही. दर दोन तासांनी सनस्क्रीन पुन्हा लावावे आणि मुलांना तहान नसली तरी पाणी पाजावे. पोहताना जांभळट रंगाच्या जेलीफिशचा दंश झाल्यास ती जागा समुद्राच्या पाण्यानेच धुवावी. गोड्या पाण्याने उरलेल्या विषपेशी फुटतात, आणि या जातीसाठी व्हिनेगरही वापरू नये. वाळूत दडलेल्या काटेरी माशावर पाय पडल्यास सोसेल इतक्या, म्हणजे ४५ अंशांपर्यंतच्या, गरम पाण्यात पाय अर्धा ते दीड तास ठेवावा. वेदना झपाट्याने कमी होतात. पाण्याची उष्णता आधी निरोगी हाताने पाहावी.

जहाजावर जुलाब-उलट्यांची साथ पसरवणारा नोरोव्हायरस अल्कोहोलच्या जेलला दाद देत नाही. साबण आणि वाहते पाणी हाच उपाय.

कोणी जावे, कोणी थांबावे?

एका सभासद-स्नेह्यांनी मला विचारले होते, "आई ७६ वर्षांची, गुडघे दुखतात, अनियमित ठोक्यांसाठी रक्त पातळ ठेवणारे औषध चालू आहे. नातू सहा वर्षांचा, त्याला दमा आहे. दोघांना नेऊ का?"

नातवाबद्दल माझे उत्तर अनुकूल होते. गेल्या तीन महिन्यांत दम्याचा तीव्र झटका नाही, प्रतिबंधक इनहेलर नियमित चालू आहे, आई-वडिलांना स्पेसर वापरता येतो आणि झटक्याच्या वेळी काय करायचे याचा लेखी आराखडा जवळ आहे, या चार अटी पूर्ण होत असतील तर दमा हे समुद्रावर न जाण्याचे कारण नव्हे. आपल्या आवडीच्या पोहण्याच्या ठिकाणी मात्र त्याच्या मापाचे जीवनरक्षक जाकीट आणि हाताच्या अंतरावर एक जाणता माणूस हवाच.

आजींबद्दल मी प्रतिकूल मत दिले. त्यांचे वय हे त्याचे कारण नव्हते. अशा सफरीसाठी मी एक घरगुती कसोटी सांगतो : कठड्याला धरून उभा जिना कोणाच्या मदतीविना उतरता येतो का, आणि डोलणाऱ्या झोपाळ्यावरून एका पायावर भार देऊन उतरता येते का? होडीत पाऊल टाकताना नेमके हेच करावे लागते. तेथे तोल जाऊन डोके आपटले आणि रक्त पातळ असले, तर मेंदूतील रक्तस्राव थांबवण्याची सोय असलेले रुग्णालय काही तासांच्या अंतरावर असू शकते. मोठ्या जहाजात लिफ्ट असते, वैद्यकीय कक्ष सुसज्ज असतो. आजींसाठी ती सफर योग्य. आजी प्रथम नाराज झाल्या. कुटुंबाने बेत दोन भागांत केला : मुलगी-जावई व नातू शिडाच्या जहाजाने गेले, आणि आजींना घेऊन चिरंजीव नंतर मोठ्या जहाजाने गेले. 'नाही' म्हणताना पर्याय हाती दिला की ते ऐकले जाते, हा आपल्या व्यवसायातला जुना अनुभव येथेही खरा ठरला.

डॉक्टर-प्रवाशांसाठी दोन शब्द

जहाजावर "कोणी डॉक्टर आहे का?" अशी विचारणा झाली तर आपण पुढे होतोच. परंतु आपली नोंदणी भारतातील आहे, हे विसरू नये. आपली पात्रता स्पष्ट सांगावी, प्रथमोपचाराच्या मर्यादेत राहावे, केलेल्या उपचाराची लेखी नोंद कॅप्टनकडे द्यावी. रोममध्ये १९३५ साली स्थापन झालेले आंतरराष्ट्रीय रेडिओ वैद्यकीय केंद्र कोणत्याही देशाच्या जहाजाला विनामूल्य सल्ला देते. कॅप्टनला त्याची आठवण करून देणे हेही मोलाचे साहाय्य ठरते.

सागराशी वैद्यकाचे नाते जुने आहे. मे १७४७ मध्ये 'सॉल्झबरी' या जहाजावर जेम्स लिंड यांनी स्कर्व्हीच्या बारा रुग्णांच्या सहा जोड्या करून सहा उपाय तपासले आणि संत्री-लिंबू घेणारी जोडी सर्वांत लवकर सुधारली. ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस सर्वत्र लागू करण्यास मात्र १७९५ उजाडले. आपल्याकडेही शिडाच्या जहाजांची परंपरा जिवंत आहे. गोवा शिपयार्डमध्ये बांधलेले 'तरंगिणी' हे नौदलाचे प्रशिक्षण जहाज १९९७ मध्ये दाखल झाले आणि २००३-०४ मध्ये त्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. गोव्यातच बांधलेल्या 'म्हादेई'वरून कमांडर दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने जगाला फेरी मारली.

इच्छुक सभासदांनी तारीख ठरवण्यापूर्वी कुटुंबातील प्रत्येकाची प्रकृती, औषधे आणि वर सांगितलेली जिन्याची कसोटी यांचा कागद करावा आणि तो आपल्या डॉक्टरांना दाखवावा. आपण स्वतः डॉक्टर असलो, तरी आपल्या घरच्यांचा कागद दुसऱ्या डॉक्टरांनी पाहिलेला बरा.