वेगळं राहण्याचा हुकूम घेताना

"घटस्फोट नको, नुसतं वेगळं राहू. उद्या पोरीच्या लग्नात बाप म्हणून उभा राहीन," असं तो समुपदेशक बाईंसमोर हात जोडून म्हणाला होता. अर्ज माझा होता, घटस्फोटाचा, आणि छळाचे पुरावेही होते. पण माहेरचे, सासरचे सगळे त्याचीच री ओढायला लागले. शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयातून शेवटी न्यायिक विभक्ततेचा हुकूमनामा मिळाला. मुलीला घेऊन मी तळवड्यात भाड्याच्या खोलीत आले.

सुरुवातीला पोटगी आली, मग थांबली. फोन केला की "चाकणला ओव्हरटाइम बंद आहे" हे ठरलेलं उत्तर. वर्ष उलटलं आणि नोटीस आली. घटस्फोटाचा अर्ज, तोही त्याचा! दारात उभ्या उभ्या मी सगळे कागद वाचले. मला झालेल्या छळाबद्दल त्यात एक ओळ नव्हती. कलम १३(१अ) लिहिलं होतं आणि खाली एवढंच, की हुकूमनाम्यानंतर वर्षभर आम्ही पती-पत्नी म्हणून एकत्र राहिलेलो नाही. तेव्हा डोक्यात लख्ख झालं. पोरीच्या लग्नाची काळजी वगैरे काही नव्हतीच. छळाचा ठपका न घेता सुटायची वाट त्याला कुणीतरी दाखवली होती, आणि त्या वाटेवर सही माझी घेतली होती.

हिंदू विवाह कायदा १९५५ चा. त्याच्या कलम १० खाली विभक्तता मिळते. लग्न टिकतं, दोघांनाही दुसरं लग्न करता येत नाही, बायको नवऱ्याची वारस राहते. हे सगळं खरं आहे, आणि आजारपणात किंवा धर्माच्या, समाजाच्या कारणाने कुणाला हेच हवं असेल तर जरूर घ्यावं. पण वर्षानंतर दोघांपैकी कुणीही घटस्फोट मागू शकतं, हे मला एकानेही सांगितलं नाही.

माझ्या वकीलबाईंनी २००१ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल काढला. त्यात नवऱ्याने विभक्ततेनंतर पोटगी दिली नव्हती, परस्त्रीशी संबंधही सोडले नव्हते. स्वतःच्या अशा वागण्याचा फायदा घेऊन घटस्फोट मागता येणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. वर्ष भरलं म्हणजे घटस्फोट हक्काने मिळालाच, असं नाही. थकलेल्या पोटगीचा हिशोब म्हणूनच जपून ठेवा. पैसे रोख घेऊ नका, बँकेतच घ्या, म्हणजे न आलेला महिनाही दिसतो.

सही करण्याआधी पोटगी, मुलांचा ताबा, स्त्रीधन, राहण्याची जागा सगळं हुकूमनाम्यात लिहून घ्या. फ्लॅटचं कर्ज दोघांच्या नावावर असेल तर विभक्ततेने बँक तुम्हाला सोडत नाही. त्याने उत्पन्न आणि मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र दिल्याशिवाय आकडा कबूल करू नका. २०२० पासून पोटगीच्या दाव्यात ते दोघांनाही द्यावंच लागतं. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. बाईला तिथे उत्पन्नाची अट नाही. आणि नातेवाइकांचं ऐका, पण कागद स्वतः वाचा.

त्याच्या अर्जाला मी हरकत घेतली आहे. घटस्फोट मला हवाच आहे, पण छळाच्या कारणावर, माझ्या अर्जावर. पोटगीच्या वसुलीचा अर्जही सोबत लावला आहे.