आपली जमीन ओळखूया : शिरूर-दौंडची हलकी माती

पेरणाऱ्याच्या दाखल्यात जमिनीचे चार प्रकार आहेत. शिरूर आणि दौंड तालुक्यांतला शेतकरीही जमिनीची पारख नावानेच करतो : बरड, मुरमाड, मध्यम, काळी, मळईची. सगळीचे मूळ मुख्यत्वे एकच, दख्खनचा बेसाल्ट खडक. माथ्यावर माती उथळ व भरड असते. भीमा आणि घोड नद्यांकडे उतरावे तशी ती खोल होत जाते. शास्त्रीय वर्गीकरणात सर्वसाधारणपणे उथळ माती एन्टिसॉल, मध्यम इन्सेप्टिसॉल आणि उन्हाळ्यात भेगाळणारी खोल काळी व्हर्टिसॉल ठरते.

ओलसर माती मुठीत दाबून पाहा. गोळा झाला, पण बोट लावताच फुटला, तर ती रेताड पोयटा समजावी. तिच्यात साधारण निम्म्याहून अधिक वाळू असते. पाणी चटकन मुरते, मशागत सोपी जाते, मुळांना हवा मिळते. पण ओल टिकत नाही आणि नत्र पाण्याबरोबर खाली निघून जाते.

हा पर्जन्यछायेचा भाग. अशा जमिनीत एखाद्या भिल्ल, ठाकर किंवा पारधी कुटुंबाने कर्ज काढून ऊस लावला, तर पाणी आटताच कर्ज तेवढे उरते. बाजरी, मटकी, हुलगा मात्र थोड्या ओलीवर तग धरतात. शेणखत, पालापाचोळ्याचे आच्छादन आणि उताराला आडवे बांध यांनी ओल वाढते.

म्हणून प्रिय वाचकहो, बियाण्यासाठी मदत देण्याआधी त्या शेताचे माती परीक्षण झाले आहे का, हे अवश्य विचारा. सामू, क्षार व सेंद्रिय कर्ब सांगणारी मृद आरोग्य पत्रिका २०१५ पासून सरकारी योजनेतून मिळते.